वामनभाऊ स्टेशनवाल्यांकडे गेले तो उन्हाळा

कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरला की आमच्या घरात उन्हाळा सुरू होतो. यंदा मुलानं ते काम एप्रिलच्या पहिल्या रविवारीच उरकलं. टाकीत पाणी सोडलं, बटण दाबलं आणि ओल्या वाळ्याचा पहिला झोत बैठकीत आला. सून म्हणाली, "आता बरं वाटेल तुम्हाला, बाबा." मी हो म्हटलं. हा वास आला की आधी मला खरंच बरं वाटतं. मग थोड्या वेळानं मी उठून आतल्या खोलीत जातो, जिथे कूलरची हवा पोचत नाही. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला सर्दी होते.

तसं काही नाही. तो वास मला धंतोलीतल्या माझ्या जुन्या भाड्याच्या खोलीत नेतो. तिथे कूलर नव्हता. दाराला वाळ्याची ताटी होती, तिच्यावर मी तांब्यानं पाणी मारत बसायचो. अशाच एका सकाळी ती ताटी बाजूला सारून, वाकून, वामनभाऊ आत आले होते. त्यांना कुठल्याही घरात वाकूनच जावं लागे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मूळचा सावनेरचा. नागपुरात एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि संध्याकाळी बास्केटबॉलच्या मैदानावर स्कोअर लिहायचो. खेळता मला कधीच आलं नाही, चेंडू अंगावर आला की डोळे आपोआप मिटायचे. पण अक्षर चांगलं होतं आणि गलक्यात बसूनही हिशेब चुकत नसे, म्हणून मंडळानं मला टेबलापाशी बसवलं. या शहराला बास्केटबॉलचं वेड जुनं आहे. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही, त्याला आमची संत्री तेवढी ठाऊक. पण त्या काळी थंडीत सामने सुरू झाले की मैदानाभोवती माणसं सायकलच्या कॅरिअरवर उभी राहून खेळ बघायची, आणि घरी जाऊन जेवताना त्यावरून भांडायची.

मंडळाचं नाव सांगत नाही, ते आजही चालू आहे. मैदान म्हणजे सिमेंटचा एक चौकोन, मंडळाच्याच लोकांनी एका दिवाळीच्या सुटीत घमेली वाहून तयार केलेला. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे दामूभाऊंचं सायकलचं दुकान. मंडळ दामूभाऊंनीच काढलं होतं. ते स्वतः बुटके, कधी खेळले नाहीत. पण चेंडूत हवा त्यांच्याच पंपानं भरली जाई, आणि रिंगच्या जाळ्या ते दुकानात बसून स्वतःच्या हातानं विणत. फाटलेली जाळी लोंबताना दिसली की त्यांना जेवण जात नसे.

वामनभाऊंना मैदानावर आणलं तेही त्यांनीच. कुहीजवळच्या एका खेड्यातला, धानाची शेती असलेल्या घरातला हा उंच मुलगा छापखान्यात खिळे जुळवायला लागला होता. एक दिवस सायकलमध्ये हवा भरायला दुकानावर आला. दामूभाऊंनी मान वर करकरून त्याच्याकडे पाहिलं, नाव विचारलं, त्यानं वामन सांगितलं, आणि दामूभाऊ इतके हसले की पंप हातातून सुटला. मग त्याचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून घेऊन गेले. त्यानंतर चौदा वर्षं वामनभाऊ आमच्याकडून खेळले. छापखान्यातून सरळ मैदानावर येत, त्यामुळे बोटांना शाई असे आणि सामना संपेपर्यंत चेंडूवर तिचे ठसे उमटलेले असत. उडी त्यांची तिशीनंतर गेली. पण पास असा द्यायचे की घेणाऱ्याला वाटावं, आपण योग्य जागी उभे होतो म्हणून चेंडू आपल्याकडे आला. खरं तर त्याला त्या जागी उभं करणारे वामनभाऊच असत.

एवढं असून जिल्ह्याची शील्ड आम्ही कधी जिंकली नाही. तीनदा अंतिम सामन्यात पोचलो आणि तीनदा हरलो, तेही एकाच संघाकडून. रेल्वे स्टेशनच्या पलीकडचा तो क्लब. त्यांच्या मैदानाला दिवे होते, संघाला कोच होता. आम्ही त्यांना नुसतं 'स्टेशनवाले' म्हणायचो, आणि तो शब्द आमच्या मुलाबाळांच्या तोंडीही शिवीसारखा यायचा.

तर त्या सकाळी वामनभाऊ माझ्या खोलीत आले. खाटेवर बसले. माठातलं पाणी दोन पेले प्यायले. छत्तीस वर्षांचे होते तेव्हा, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा ते वयस्क वाटले. गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, दुखणाईत लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"मास्तर, स्टेशनवाले आले होते घरी," ते म्हणाले.

मी तांब्या खाली ठेवला.

"एक वर्ष ये म्हणते. त्याइचा उंच पोट्टा नोकरीवर गेला बाहेरगावी. कोणीतरी जुनं माणूस पायजे त्याइले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, विचारून सांगतो." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "माझा गुडघा संपला गा आता. जिना उतरतो तर भिंत धरून उतरतो. एक सीझन असन यात, जास्तीत जास्त. चौदा वर्षं खेळून राहिलो, एकदा बी ते शील्ड हातात नाही घेतली. आपल्या पोट्ट्याइकडून यंदा बी होत नाही, तुले मायीत आहे. मले एकदा जिंकायचं आहे, मास्तर. एकदाच."

मी म्हटलं, "मग जा ना, वामनभाऊ."

"दामूले कोण सांगन?"

ताटीचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. ते त्या ओघळाकडे बघत बोलत राहिले. "त्याच्यापुढं माझं तोंड उघडत नाही. तू शिकलेला आहेस, तू नीट सांगशीन. म्हणजो, वामननं विचारायले पाठवलं. मी उद्या गावाले जातो, धानाच्या बांध्यांची कामं आहेत, तीन आठवडे तिकडंच राहीन. दामू नको म्हणला तर एक चिठ्ठी टाकजो. मी स्टेशनवाल्याइले नाही म्हणून देईन, मनात काही ठेवणार नाही. चिठ्ठी नाही आली तर समजीन, त्यानं हो म्हटलं."

"मी सांगतो," मी म्हणालो. "आजच सांगतो."

ते उठले, ताटी सारून वाकले आणि उन्हात गेले. नागपुरात मे महिन्यात सकाळी नऊलाच ऊन पांढरं होतं. त्या पांढऱ्या उजेडात त्यांची पाठ बराच वेळ दिसत राहिली.

मी त्याच दिवशी दुकानावर गेलो, हे मला आवर्जून सांगायचं आहे. मी टाळलं नाही. पण माझ्याआधी बातमी पोचली होती. पांडेजी नावाचे कोर्टातले एक कारकून आमच्या सामन्यांना कधी चुकत नसत, त्यांना कुणीतरी कोर्टाच्या आवारात, वामन स्टेशनवाल्यांकडे गेलाच, असं सांगितलं होतं. दुकानात बाकावर ते बसले होते, दारात आमच्या संघातला शरद उभा होता, आणि दामूभाऊ एका चाकाच्या तारा कसत खाली मान घालून बसले होते.

"खिलाडी आहे तो," पांडेजी म्हणत होते. "मंडळाचा नोकर थोडी आहे? उमर झाली. एक मौका भेटला, गेला. त्यात गलत काय?"

"गलत काय म्हणता?" बावीस वर्षांचा शरद दारातून आत आला. "म्हणजे आमच्यानं जिंकणं होत नाही, हेच म्हणून गेला ना तो. मी चार वर्षं त्याचा पास घेऊन राहिलो. आम्हाले काही सांगावं तरी."

"सांगून तुम्ही जाऊ दिलं असतं काय?"

"नसतं दिलं."

"मग?" पांडेजी हसले. "अन् शील्ड त्यांच्याकडंच जाणार आहे. आपला एक माणूस तरी हात लावन तिले."

"त्यांची बनियन घालून लावन. तो आपला कसा?"

मी बाकाच्या टोकाला बसलो. बोलायचं होतं ते तोंडाशी होतं. फक्त हे दोघं उठून जावेत, असं वाटत होतं. तेवढ्यात दामूभाऊंनी चाक बाजूला ठेवलं. त्यांचे डोळे लाल होते. दुकानात रबर जाळल्याचा धूर नेहमीच असे, पण त्या दिवशी धूर नव्हता.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमच्याशी बोलला काय तो?"

पांडेजी माझ्याकडे बघत होते. शरद बघत होता.

"नाही," मी म्हणालो.

आजवर त्या एका शब्दाचा मी फार विचार केला आहे. मी भित्रा आहे, हे तर झालंच. पण त्या क्षणी मला भीती कशाची होती? दामूभाऊ मला मारणार नव्हते. मला वाटतं, त्या बाकावर सगळे एका दुःखात बसले होते आणि मला त्यांच्यात बसायचं होतं. हो म्हटलं असतं तर मी पलीकडचा ठरलो असतो, वामनभाऊंच्या बाजूचा, आधीपासून सगळं माहीत असलेला. खेळता न येणाऱ्या माणसाला त्या बाकावरची जागा किती मोलाची असते, हे खेळणाऱ्याला कळायचं नाही.

दामूभाऊंनी मान हलवली. "तुमाले बी नाही सांगितलं," ते म्हणाले आणि पुन्हा चाक हातात घेतलं. त्यांना त्यातच थोडं समाधान वाटलं असावं, की फसवले गेलेले आपण एकटे नाही.

नंतरचे तीन आठवडे माझ्या हातात होते. शाळेला सुट्ट्या होत्या. रोज सकाळी सहाला मी दुकानावर जायचो, कारण आठनंतर रस्त्यावर माणूस दिसत नसे. दामूभाऊ पाणी शिंपडून दुकान उघडत. समोरच्या गुलमोहराखाली लाल सडा पडलेला असे. पोहेवाल्याकडून पोहे येत, वर तिखट तर्री, खाताना डोळ्यांत पाणी येई आणि कुणी कुणाला विचारत नसे की हे पाणी कशाचं. वाद तोच, रोज नव्यानं चालायचा. पांडेजी म्हणायचे जाऊ द्या, शरद म्हणायचा गद्दार. येणारे-जाणारेही पंक्चर काढता काढता मत देऊन जायचे. कुणी म्हणे, स्टेशनवाल्यांनी त्याला काहीतरी कबूल केलं असणार. कुणी म्हणे, बायकोनं टुमणं लावलं असणार. मी ऐकत होतो. हे सगळं थांबवता येईल असं एक वाक्य माझ्याजवळ होतं, आणि मी तर्रीत पोहे कालवत होतो.

दामूभाऊ मात्र वादात पडत नसत. एकदाच म्हणाले, "गेल्याचं काही नाही गा. विचारलं का नाही, एवढंच."

तेव्हाही मी बोललो नाही. तोवर मनानं एक सोयीचा रस्ता शोधला होता. आता सांगितलं तर पहिल्या दिवशी खोटं का बोललो, हे सांगावं लागणार. शिवाय दामूभाऊ नाहीच म्हणाले असते, मग वामनभाऊंचं जाणं राहिलं असतं, त्यांची एकुलती एक संधी गेली असती. म्हणजे न बोलून मी त्यांचं भलंच करतोय. पोस्टकार्ड मी विकत आणलंही होतं. ते भूगोलाच्या पुस्तकात तसंच कोरं राहिलं.

चिठ्ठी गेली नाही. जूनमध्ये वामनभाऊ गावाहून परत आले आणि त्यांनी स्टेशनवाल्यांच्या कागदावर सही केली.

थंडीत सामने सुरू झाले. उपांत्य सामना आमचा आणि त्यांचाच होता, आमच्याच मैदानावर. वामनभाऊ निळ्या बनियनमध्ये आले तेव्हा आमची माणसं ओरडली. काय ओरडली ते लिहीत नाही. दामूभाऊ ओरडले नाहीत. ते उठले, खुर्ची उलटी फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून, आपल्या बंद दुकानाकडे तोंड करून बसले. पूर्ण सामना तसेच बसले.

वामनभाऊ दहा-बारा मिनिटं खेळले. गुडघ्याला पट्टा होता. त्यांचे पास तसेच होते, फक्त घेणारे हात दुसऱ्यांचे. शरदनं त्यांना दोनदा कोपर मारलं, त्यांनी पंचाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या नावापुढे मी चार गुण आणि एक फाउल लिहिला. अक्षर चांगलं आलं.

सामना संपल्यावर ते टेबलापाशी आले. पाणी मागितलं. मग हळूच म्हणाले, "मास्तर, दामूनं हो म्हटलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

"मंग असा काहून बसला?"

"तुम्हाला त्या रंगात बघवत नसेल त्यांना."

वामनभाऊंनी दामूभाऊंच्या पाठीकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "हाव," ते म्हणाले. "तसाच आहे तो. होईन नीट."

तो सामना आणि मग शील्डही स्टेशनवालेच जिंकले. अंतिम सामन्यात वामनभाऊ दोन मिनिटं खेळले. शील्ड घेताना जो फोटो काढला त्यात ते मागच्या ओळीत आहेत. शील्ड पुढच्या पोरांच्या हातात होती, फोटो झाल्यावर तरी त्यांना तिला हात लावायला मिळाला की नाही, मला माहीत नाही. आमच्या भागातलं कुणी त्यांचं अभिनंदन करायला गेलं नाही. एकटे पांडेजी गेले, पेढे घेऊन.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वामनभाऊ सायकल हातानं ढकलत दामूभाऊंच्या दुकानावर आले. चाक बसलं होतं. मी बाकावर होतो. दामूभाऊंनी त्यांना पाहिलं, पंप हाताखालच्या माणसाकडे दिला आणि आत गेले. वामनभाऊ हवा भरून होईपर्यंत उभे राहिले. आतल्या अंधाराकडे बघत होते. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर मी तो सहन केला असता. फक्त न समजणं होतं. हो म्हणून जाऊ दिलं, आणि आता हे काय. सायकलवर न बसता, तशीच ढकलत ते निघून गेले.

त्यानंतर ते आमच्या भागात आले नाहीत. छापखाना बंद पडला तसे बायकोला घेऊन गावी गेले आणि भावांबरोबर धानाची शेती करू लागले. तीन-चार वर्षांनी, उन्हाळ्यातच, पांडेजींनी बातमी आणली. कावीळ झाली होती, अंगावर काढली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

दामूभाऊ दोन दिवस खाली मान घालून चाकं कसत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मास्तर, तेरवीले जाऊ."

कुहीच्या एस.टी.नं गेलो, आणि तिथून पुढे चालत. धानाच्या रिकाम्या बांध्या, भेगा पडलेली माती, मधूनच एखाद्या बोडीत, लहानशा तळ्यात, उरलेलं थोडं पाणी. वामनभाऊंच्या घराचा दरवाजा ठेंगणा होता. इथे रोज किती वेळा वाकत असतील, असं मनात आलं. अंगणात मांडव होता. पानं वाढून झाल्यावर कुसुमवहिनी, त्यांच्या पत्नी, आमच्याजवळ येऊन बसल्या. रडल्या नाहीत. दामूभाऊंनाच बघत होत्या.

"तुमी आले, लय बरं झालं, दामूभाऊ," त्या म्हणाल्या. "तुमची लय याद काढत होते. लोकं म्हणत, वामन पळून गेला. त्याइले लय लागे ते. मंग मले म्हणत, दामूले विचारून गेलो वं मी. मास्तरजवळ निरोप धाडला होता, दामूनं हो म्हटलं तवाच गेलो. त्यानं नको म्हटलं असतं, तर मी पाऊल नसतं टाकलं."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मांडवाच्या पालातून उन्हाचे ठिपके दामूभाऊंच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडले होते. ते माझ्याकडे वळले नाहीत. पानातला भात बोटांनी सारखा केला.

"हाव, वहिनी," मग ते म्हणाले. "विचारलं होतं त्यानं. मीच म्हटलं, जा."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना जे ऐकायचं होतं ते त्यांना मिळालं होतं.

परतीच्या गाडीत दुपारच्या झळा खिडकीतून आत येत होत्या. दामूभाऊंनी दुपट्टा कानाला बांधला होता. तास-दीड तास आम्ही शेजारी शेजारी बसून होतो, खांद्याला खांदा लागत होता. शहर जवळ आलं, पहिली घरं दिसू लागली, तेव्हा ते समोरच्या सीटकडे बघत म्हणाले,

"काहून, मास्तर?"

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग कंडक्टरला थांबवायला सांगून ते आपल्या थांब्याच्या दोन थांबे आधी उतरले आणि उन्हात चालू लागले.

दामूभाऊ त्यानंतर सहा वर्षं जगले. मी रोज दुकानावर जायचो. ते रोज बाकावर सरकून जागा द्यायचे, चहा सांगायचे, सामन्यांच्या दिवशी माझा स्कोअर तपासून बघायचे. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.